उणे नऊची वहिनी

माझ्या वहिनीचा नंबर उणे नऊ. चष्मा काढला की दादा कुठला आणि कपाट कुठलं, तिला कळत नाही. हे दादाच सांगतो आणि वर म्हणतो, "म्हणून तर आमचं लग्न जमलं!"

आणि ही बाई काम काय करते, तर कोणत्या मुलाला चष्मा लागणार हे आधीच ओळखायचं आणि तो लागू द्यायचा नाही. मूल वाढतं तसा त्याचा डोळाही वाढतो. काहींचा जरा जास्तच लांब होतो, मग दूरचं पुसट दिसायला लागतं. वहिनी डोळ्याची लांबी मोजून घेते, आईबापांचे नंबर विचारते, पोर उन्हात किती हुंदडतं ते विचारते आणि हिशेब मांडते. मी तिला तोंडावर ज्योतिषीणबाई म्हणायचे. मग एक दिवस तिने माझ्याच लेकीचं, मिरचीचं, भविष्य सांगितलं. "नवव्या वर्षी चष्मा, आणि पुढे भराभर वाढणार." माझं डोकंच फिरलं! बरेच दिवस मी तिच्याशी अबोला धरला आणि शेवटी मुकाट्याने मिरचीचं नाव तिच्या नव्या औषधाच्या अभ्यासात घातलं.

या अभ्यासातल्या मुलांच्या डोळ्यांत रोज झोपताना एक-एक थेंब घालायचा. अर्ध्यांच्या बाटलीत औषध, अर्ध्यांच्या बाटलीत नुसतंच पाणी म्हणा ना. कुणाला काय मिळालंय हे आम्हालाही ठाऊक नाही आणि वहिनीलाही नाही. तिच्या कागदांवर मुलांची नावंसुद्धा नसतात, फक्त क्रमांक. उगाच आपल्या माणसाकडे कल जायला नको! मिरचीच्या कार्डावर सत्तावीस होता, तो मला तेवढा पाठ. दोन वर्षं मी इमानेइतबारे थेंब घातले. आणि हल्ली कार्टी टीव्हीकडे डोळे बारीक करून बघायला लागली. म्हणजे आमच्या वाट्याला पाणीच आलं म्हणायचं!

निकालाच्या दिवशी सकाळी शेवटच्या काही मुलांची तपासणी होती, त्यात मिरचीही. दुपारी समितीपुढे निकाल. पटला तर उरलेल्या अर्ध्या मुलांनाही औषध मिळणार, नाहीतर सगळा गाशा गुंडाळायचा.

तपासणीआधी डोळ्यातली बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. ते भयंकर चुरचुरतात आणि नंतर कितीतरी तास जवळचं वाचता येत नाही. पोरं बोंब मारतात, म्हणून वहिनी आधी स्वतःच्या डोळ्यांत थेंब घालून दाखवते. अर्थात साध्या, न झोंबणाऱ्या बाटलीतले! इतकी वर्षं खपलं.

"मामी," मिरची म्हणाली, "तुझ्या बाटलीचं टोपण पांढरं आणि आमच्या बाटलीचं लाल. चीटिंग!"

बाकावरच्या झाडून सगळ्या पोरांनी डोळे गच्च मिटले. वहिनीने घड्याळाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, लाल टोपणाची बाटली उचलली आणि दोन्ही डोळ्यांत घातले की थेंब! मी कपाळावर हात मारला. पण पोरांनी टकाटक डोळे उघडले आणि डोळे मोजायला ठेवलेल्या मुलीचं काम सुरळीत पार पडलं.

दुपारी मी वहिनीला हाताला धरून सभागृहात नेलं. चष्म्यावर भलामोठा काळा गॉगल. आकडेमोड करणाऱ्या गृहस्थांनी सर्वांसमक्ष पाकीट फोडलं आणि कोरा करकरीत निकाल तिच्या हातात दिला. तिने तो लांब धरला, आणखी लांब धरला, शेवटी हात पुरेनात.

"बरं वाटत नाहीये का?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं. बाई कडक, हसणं माहीतच नाही.

"मस्त वाटतंय. फक्त दिसत नाहीये."

आणि मग वहिनीला सुचलं. तिने गॉगल काढला, चष्मा काढला आणि कागद नाकाला टेकवला. उणे नऊवाल्यांना नाकाजवळचं बिनचष्म्याने लख्ख दिसतं, थेंब घातले तरी! ती धडाधड वाचत सुटली. नुसत्या पाणीवाल्या मुलांना तिच्या हिशेबाबरहुकूम चष्मे लागले होते. औषधवाल्यांपैकी बहुतेकांना लागलेच नव्हते.

"म्हणजे यांचं भविष्य तुम्ही चुकीचं सांगितलंत," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"चुकीचं ठरलं! त्यासाठीच तर दोन वर्षं मरमर केली!"

"सगळ्यात जास्त धोका होता असं एक मूल सांगा."

कागद नाकावरून सरकत गेला. "सत्तावीस."

दारात उभ्या उभ्या मी कान टवकारले.

"औषधवाल्या गटातलं. अंदाज उणे अडीच. आजचा नंबर…" तिने पान उलटलं. मेली पानं एकमेकांना चिकटली होती. "शून्य. चष्म्याची गरज नाही."

"आई गं!" मी दारातूनच किंचाळले. "वहिनी, सत्तावीस म्हणजे आपली मिरची गं!" म्हणजे कार्टी टीव्हीसमोर डोळे बारीक करून चष्मा काढलेल्या मामीची नक्कल करत होती तर!

वहिनीने कागद भिरकावला आणि आवाजाच्या रोखाने धावत सुटली. चष्मा टेबलावरच. मी निळ्या कपड्यांत, आणि मधेच काय झालं म्हणून उभ्या राहिलेल्या अध्यक्षबाईही निळ्या कपड्यांत. वहिनीने त्यांनाच करकचून मिठी मारली, गरागरा फिरवलं आणि हमसून हमसून रडत त्यांच्या कानात म्हणाली, "बये, आपल्या पोरीला माझ्यासारखं चाचपडावं लागणार नाही गं!"

अध्यक्षबाईंनी तिला दूर लोटलं नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या हळूच म्हणाल्या, "नाही लागणार. उद्यापासून सगळ्याच मुलांना औषध द्या."