नानकटाई, मस्टँग आणि आमचा ओव्हन

मंडळी, माझ्या मस्टँग गाडीचे नवे फोटो आज मागू नका. गॅरेजमध्ये जायचीसुद्धा लाज वाटतेय.

इंजिनवरची झाकणं रंगवून ओव्हनमध्ये भाजली, की रंग पक्का बसतो. काल आई आणि बायको शॉपिंगला गेल्या आणि मी चक्क किचनच्या ओव्हनमध्ये ती भाजली. नंतर खिडक्या उघडल्या, ओव्हन पुसला. कुणाला पत्ता लागला नाही.

आज इथल्या नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळाची दिवाळी होती. नागपूरहून आल्यापासून पहिल्यांदाच आईला कुणीतरी काही करून आणायला सांगितलं होतं. मी गॅरेजमध्ये असताना तिनं त्याच ओव्हनमध्ये डबाभर नानकटाई केली.

हॉलमध्ये पहिला तुकडा तोंडात टाकला. सरळसरळ रंगाचा वास! लोक अर्धवट तुकडे प्लेटमध्ये ठेवत होते. कुलकर्णी काकूंनी हळूच विचारलं, "तूप जुनं होतं का हो?"

आईनं स्वतः एक खाल्ली आणि डबा बंद केला.

परतताना म्हणाली, "वय झालं रे. माझ्या हाताची चव गेली आता."

मी फक्त "नाही गं आई" म्हणालो. झाकणांचं नाव काढलं नाही.

आत्ता मी वर बसून हे लिहितोय आणि ती खाली, हाताची चव खरंच गेलीय का ते बघायला, पुन्हा नानकटाई करतेय. ओव्हन तापलाय. तोच वास जिन्यानं वर येतोय.

आणि आता हाक आली, "चव बघायला ये रे."

काय तोंडानं जाऊ, सांगा.