दम न्हाई, मग पंप कशाला?

शाळेत आमचा सत्तर पोरांचा वर्ग एका दमात कवितेचं अख्खं कडवं म्हणायचा. तो आवाज अजून कानात आहे. आज सकाळी तेच कडवं गुणगुणत गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या चढत होतो, आणि दुसऱ्याच ओळीला छातीत शिट्टी वाजू लागली.

कारण ऐका. पंधरा दिवसांपूर्वी शेजारचे बाबुराव आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "गुरुजी, दम तर लागत न्हाई ना? मग रोजचा पंप कशाला वढून राहिले? सवय लागते!" झालं! आमच्या सौ.नी माझा दम्याचा पंप उचलून देव्हाऱ्यामागे ठेवला. आणि जन्मभर पोरांना शिकवणाऱ्या मीही तो तिथंच राहू दिला!

दुपारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई चिडल्याच. "गुरुजी, दम लागल्यावर घ्यायचा पंप श्वासनळी तेवढ्यापुरती मोकळी करतो. रोजचा पंप आतली सूज उतरवतो. दम लागत नसला तरी सूज असतेच. मला न विचारता बंद करायचा नाही!"

पटलं, बाई. पण हे बाबुरावांना कोण सांगणार? सवय लागते म्हणून चष्मा काढून ठेवतं का कुणी? तुमच्याही गल्लीत असा बिनपदवीचा डॉक्टर आहे का हो?

हे लिहीत होतो तेवढ्यात दार वाजलं. बघतो तर बाबुरावांची सून उज्ज्वला. पदराखालून तिनं स्वतःचा पंप काढला.

"गुरुजी, मामंजींनी माझाबी बंद केलाय. तुमी त्यांना सांगता का?"

एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं.