आधी रिकामं

गॅसबाबू नमस्काराच्या आधी रिकामं मागत. फाटकाची कडी वाजली की पहिले शब्द तेच, "रिकामं आना, बाई." संपलेला सिलेंडर व्हरांड्यात काढून ठेवलेला दिसला की मग ते चप्पल काढत, रुमालाने मान पुसत आणि म्हणत, "हं, आता जयभीम. काकाजी कसे हायेत?" तुम्ही दोघं नातवंडं सुट्टीत वर्ध्याला आलात की त्यांची नक्कल करायचात. जेवताना मी दुसरी पोळी मागितली तरी धाकटा माझ्याकडे हात पसरून म्हणायचा, "आधी रिकामं ताट आना!"

आमच्या एमआयडीसीत ऑक्सिजन भरून देणारी एक छोटी कंपनी आहे. परराज्यातून टँकर येतो आणि त्यातला गॅस इथे सिलेंडरांत भरला जातो. दवाखाने, वेल्डिंगची दुकानं आणि आमच्यासारखी काही घरं, ही त्यांची गिऱ्हाइकं. भरलेला सिलेंडर कुठे गेला आणि रिकामा कुठून परत आला, हे बघणं गॅसबाबूंचं काम. तुमच्या आजोबांची फुप्फुसं कमजोर झाल्यापासून आमच्याकडे कायम दोन सिलेंडर असत. एक पलंगाशी लावलेला आणि दुसरा भरलेला, कोपऱ्यात उभा.

रिकामं दिल्याशिवाय भरलेलं नाही, हा त्यांचा नियम सगळ्यांना सारखा होता. एकदा मालकाचे मेहुणे फार्महाऊसचं फाटक वेल्डिंगने जोडून घ्यायचं म्हणून हात हलवत सिलेंडर न्यायला आले. गॅसबाबू म्हणाले, "सोयरीक आनली तुमी, सिलेंडर नाई आनलं." मेहुणे तणतणत मालकांकडे गेले. मालक हसले आणि म्हणाले, "घरून घेऊन या. तो मलाही देणार नाही."

मला तेव्हा हा हट्टीपणा वाटे. सरकारी कचेरीतल्या माणसासारखा नियम धरून बसतो, असं मी आजोबांना म्हणतही असे.

करोनाचं पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र सगळं एकदम अंगावर आलं. टँकर वेळेवर येईना. आला तर अर्धा भरलेला, बाकीचा वाटेतच मोठ्या शहरांकडे वळवलेला. कंपनीने आधी वेल्डिंगवाल्यांचा पुरवठा बंद केला, मग घरोघरी जाणारा निम्म्यावर आणला. कसंतरी करून टँकर नियमित झाले, तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. गॅस आला होता आणि भरायला सिलेंडर नव्हते. लोकांनी ते घरात दडवले होते. रोगी बरा झाला तरी देईनात. उद्या पुन्हा लागला तर? सारा जिल्हा आपापल्या कपाटाआड एकेक सिलेंडर लपवून बसला होता.

मालकांनी डिपॉझिट तिप्पट करायचं ठरवलं. गॅसबाबूंनी ते भांडण मला फाटकाबाहेर उभं राहून सांगितलं. त्या दिवसांत ते आत येत नसत.

"मी म्हटलं, शेठ, लोकायनं भीतीनं ठेवलं हाये. पैसे वाढवून भीती जाते का? गरीब मानसाले नवं मिळनार नाई, अन् पैशेवाला दोन ठेवन."

"मग मालक काय म्हणाले?"

"म्हनाले, मंग तू काय करतो? म्हटलं, मी जातो आनाले."

आणि ते खरंच गेले. छोटा मालवाहू टेंपो घेऊन हिंगणघाट, पुलगाव, स्वतःचं अल्लीपूर, सगळीकडे. बरे झालेल्यांकडून आणणं त्यातल्या त्यात सोपं होतं. पण बरेच सिलेंडर माणूस गेलेल्या घरांत होते. अशा घरी ते दारात उभे राहत, आत जात नसत, पाणीही घेत नसत. लोकांनी त्यांना नाही नाही ती नावं ठेवली. गिधाड हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

पुलगावकडच्या एका बाईंनी तर त्यांना अंगणातच गाठलं. "लाज नाई वाटत? राख नाई सावडली अजून, अन् सिलेंडर मांगाले आला!"

"वाटते ना, माय," गॅसबाबू म्हणाले. "पन एक पोरगी दवाखान्याच्या दारात बापाले घेऊन बसून हाये."

बाई आत गेल्या आणि स्वतःच सिलेंडर कलता धरून, बुडावर फिरवत फिरवत बाहेर घेऊन आल्या.

"तुम्हाला हे जमतं तरी कसं, बाबू?" त्यांनी हे सांगितल्यावर मी विचारलं.

"जमत नाई, बाई. टेंपोत बसून रडतो थोडं. मंग पुढच्या घरी जातो."

दोन दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा फाटकाची कडी वाजवून गप्पच उभे राहिले. मी रिकामा आणायला वळले, तर म्हणाले, "आज रिकामं नाई मांगत, बाई. भरलेलं मांगतो. कोपऱ्यातलं."

मी म्हटलं, "आणि ह्यांना लागला तर? पलंगाशी आहे तो किती पुरणार?"

ते वाद घालायला आले नव्हते. आतून आजोबांचा आवाज आला, "दे... त्याला."

"तुम्ही बोलू नका, दम लागतो."

"मग... बोलायला... लावू नकोस."

मी सिलेंडर दिला. मनापासून नाही दिला, हेही लिहून ठेवते. गॅसबाबू तो टेंपोत चढवताना म्हणाले, "काकाजीचं हे सरायच्या आत येतो. नाई आलो तं शिव्या द्याजो."

त्यानंतर मी पलंगाशी बसून सिलेंडरचा काटा बघत राहिले. आजोबा झोपले की त्यांच्या छातीकडे, मग काट्याकडे. काटा लाल पट्ट्यात शिरला त्या दुपारी कडी वाजली. "रिकामं आना, बाई!" त्या हाकेने मला आयुष्यात कधी झाला नसेल एवढा आनंद झाला. सिलेंडर उतरवताना ते खोकले. मी विचारलं, तर म्हणाले, "रस्त्याची धूळ हाये." मी तेवढ्यावर समाधान मानलं.

पुढच्या खेपेला टेंपोचा ड्रायव्हर एकटाच आला. गॅसबाबू घरी पडून होते. कुठेच बेड मिळाला नव्हता.

मालकांनी त्यांच्या घरी सिलेंडर पाठवला. बदल्यात रिकामा न घेता. नियम मोडला तो असा, आणि त्यांच्याचसाठी. पण त्या माणसाने तोंडावर मास्क घ्यायच्या आधी ड्रायव्हरला विचारलं, "याचं रिकामं कुठून आनलं?" ड्रायव्हर खोटं बोलला. "आनलं न भाऊ, पुलगावहून." तेव्हा कुठे त्यांनी मास्क लावू दिला. पुढे चार दिवसांतच ते गेले.

निर्बंध उठल्यावर मी त्यांच्या घरी गेले. पुण्यानुमोदनाचा विधी घरच्या चार माणसांतच उरकला होता. त्यांच्या पत्नी माझ्यासमोर बसल्या. डोळे कोरडे, आवाज सपाट.

"त्यायले गाडीत नेलं, अन् मी पह्यले सिलेंडर दारात उभं केलं, बाई. अर्धा गॅस होता त्याच्यात. कोनाले तरी झाला असन."

मी त्यांचा हात धरला.

"आपल्या दारात कोनी मांगाले येऊ नाई, असं वाटलं," त्या म्हणाल्या. "मंग ध्यानात आलं, मांगाले येनारच तं गेला."

तुमच्या आजोबांना त्यानंतर साडेतीन वर्षं मिळाली. त्यांनी वर्तमानपत्रं वाचली, माझ्याशी भांडण केलं, फोनवर तुमची लग्नं ठरवली. ती कोणाच्या जिवावर, हे आम्ही घरात कधी बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात आजोबा गेले. तुमची आई दुसऱ्या दिवशी पोहोचली आणि पलंगाशेजारची मोकळी जागा बघून माझ्यावर चिडली. "आई, एवढी काय घाई होती? बाबांना जाऊन एक दिवस झाला नाही, आणि त्यांची वस्तू घराबाहेर?" तिचं चुकलं नाही. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहिते आहे. तिलाही वाचून दाखवा.

त्या सकाळी डॉक्टर मान हलवून गेले आणि मी पहिला फोन कंपनीला केला. गॅसबाबूंच्या जागी आलेला माणूस तासाभरात दारात हजर झाला. आतलं दृश्य बघून तो ओशाळला. "राहू द्या, मॅडम. सगळं आटोपल्यावर नेतो. आता सिलेंडरची काही कमी नाही." तो टेकायला खुर्ची शोधत होता.

मी म्हटलं, "आधी हा उचला. मग बसा."

त्याने सिलेंडर उचलून गाडीत ठेवला. गाडीच्या फळीवर तो टेकल्याचा आवाज मी ऐकला, आणि मग आत जाऊन आजोबांजवळ बसले.