काकांच्या कोऱ्या पिशव्या

"सॅम्पल कुणी काढलं?"

चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद खिडकीच्या उजेडात धरायचा आणि हे विचारायचं. मग तो कागद प्रयोगशाळेचा रिपोर्ट असो, दुकानातल्या सेलचं पत्रक असो, नाहीतर अमेरिकेतल्या कुठल्याशा पुढाऱ्याचं भाषण. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, वाढलेल्या ताटाकडेसुद्धा आधी तपासनिसासारखा बघणारा.

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत हे काका सॅम्पलिंगचे प्रमुख, मी इंजिनिअर. मूळचे पुण्याचे, पण मधली वीस-बावीस वर्षं अमेरिकेत, नेवाडातल्या खाणीत काढलेली. नागरिकत्व तिथलंच. बायको गेल्यावर एकटेच इकडे आले. मी त्यांना काका म्हणायची.

पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझा पदवीदानाचा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. तो मी मुद्दाम दारासमोर लावलाय. माझे वडील तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत मजूर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी आल्यागेल्याला सांगते.

"मधला गृहस्थ कोण?"

"मंत्री. प्रमुख पाहुणे."

"इंजिनिअरिंग झालंय त्याचं?"

"नाही."

"मग पदवी तुझी आणि मधोमध तो कसा? तू बघ कुठं आहेस. कान अर्धा कापला गेलाय तुझा."

मला राग आला. ते गेल्यावर पाहिलं, तर कान खरंच अर्धा होता.

त्यांचा संशय आमच्या कामातलाच होता, हे सांगायला हवं. खडकात भोकं पाडून निघालेला चुरा पिशव्यांत भरून बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो. त्यात सोनं किती निघतं त्यावर पुढं कुठं खणायचं ते ठरतं. त्या पिशव्यांत आम्ही गुपचूप एक पिशवी साध्या दगडाची घालतो. सोनं शून्य, नंबर मात्र इतरांसारखाच. काका तिला कोरी पिशवी म्हणायचे. तिच्यात सोनं सापडलं असं प्रयोगशाळेनं कळवलं, की अख्खा रिपोर्ट फेकून द्यायचा.

हीच युक्ती त्यांनी अमेरिकेतल्या पुढाऱ्यांवर लावली होती. त्यांच्या गावात दोन्ही पक्षांची ऑफिसं समोरासमोर, मधे रस्ता. म्हणून एक 'अलीकडचे' आणि दुसरे 'पलीकडचे'. पक्षांची खरी नावं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाहीत. गावातलं हॉस्पिटल बंद पडू देणार नाही, असं दोघांनी शपथेवर सांगितलं होतं. ते बंद पडलं. अलीकडचे म्हणाले पलीकडच्यांनी पाडलं, पलीकडचे म्हणाले अलीकडच्यांनी. काका आजारी बायकोला गाडीत घालून दर आठवड्याला तीन तास दूर नेत राहिले.

तेव्हा त्यांनी खोट्या नावांनी चार पत्रं लिहिली. दोन्ही ऑफिसांना एकेक पत्र, की वाटेल ते करा पण नवी खाण आणा. आणि एकेक पत्र, की पाणी संपतंय, आहे ती खाणही बंद करा. चारही उत्तरं आली. चारही सारखी: आपली काळजी आम्हालाही वाटते.

"चारही कोऱ्या पिशव्यांत सोनं!" काका सांगायचे आणि हसायचे. हसताना डोळे हसायचे नाहीत.

मी ऑस्ट्रेलियाची नागरिक झाले आणि पहिलं मत द्यायला शाळेत गेले, तेव्हा ते बरोबर आले होते. फाटकाशी सगळ्या पक्षांचे लोक मत कसं द्यायचं ते सांगणारी कार्डं वाटत होते. काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. पुढं इथल्या मतदानाच्या रिवाजाप्रमाणे सॉसेज भाजत होते, तिथं मात्र थांबले. मला कांदा घातलेला ब्रेड दिला आणि म्हणाले, "इथं एवढंच विश्वासानं घे. डोळ्यांसमोर भाजतायत."

मग त्यांची मुलगी निवडणुकीला उभी राहिली.

एकुलती एक. नेवाडातल्या त्याच गावात शाळेत शिकवते. काउंटीच्या बोर्डाची जागा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखं काहीतरी. पक्ष, पलीकडचे. ती दर रविवारी फोन करायची. तो एक फोन सोडला तर या माणसाला आठवडाभर घरचं कुणी विचारत नसे. अमेरिकन नागरिक परदेशात असला तरी शेवटच्या पत्त्यावरून मत देऊ शकतो, त्यामुळे काकांचं मत तिच्याच मतदारसंघात.

"बाबा, तुमचं मत मला ना?"

"बॅलट येऊ दे."

"बाबा!"

"बघू म्हटलं ना."

चार दिवसांनी क्रिब रूममध्ये, म्हणजे आमच्या जेवणाच्या खोलीत, माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "दोन पाठवल्यात."

"काय?"

"कोऱ्या पिशव्या. तिला."

"काका, ती तुमची मुलगी आहे!"

"मुलगी माझी आहे. उमेदवार पलीकडची आहे."

तीच जुनी पत्रं, नवी नावं, या वेळी ईमेलनं. खाण मागणारा बिल आणि पाणी वाचवणारी सुझन. उत्तर येईना. काका डबा उघडा ठेवून फोनकडे बघत बसायचे. आठवड्यानं दोन्ही उत्तरं आली. बिलला तिनं लिहिलं होतं, पाण्याची पातळी खाली जाणार असेल तर नव्या खाणीला मी मत देणार नाही, तुम्हाला हे आवडणार नाही. सुझनला लिहिलं होतं, आहे ती खाण बंद करा असं मी म्हणणार नाही, माझं घर त्या पगारावर चाललं.

"दोघांनाही नको तेच सांगितलं पोरीनं!" काका खुर्चीतून उठलेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेले इथले केक, वाटले.

"व्हॉट्स धिस फॉर, मेट?" एका डंपरवाल्यानं विचारलं.

"माय डॉटर पास्ड."

त्या रविवारी मी त्यांच्याकडे थालीपीठं घेऊन गेले होते. फोन आला. स्पीकरवर होता.

"बाबा, बिल कोण?"

"कोण बिल?"

"आणि सुझन? दोघांनी पत्राच्या शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' लिहिलंय. या काउंटीत असं लिहिणारा एकच माणूस होता, बाबा. तो ऑस्ट्रेलियाला गेला."

पुण्याच्या पहिल्या नोकरीत शिकलेलं ते वाक्य काकांच्या हातातून चाळीस वर्षांत गेलं नव्हतं. ते हसले. "अगं, पण तू पास झालीस!"



"मी दारोदार फिरते, बाबा. लोक म्हणतात, तुम्ही सगळे सारखेच, आणि दार लावून घेतात. मला चालतं. ते मला ओळखत नाहीत." मग आवाज बदलला. "तुम्ही कसं काय दार लावलंत?"

फोन बंद झाला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

बॅलट आलं. काकांनी मत तिलाच दिलं आणि तसं कळवलं. तिचं उत्तर मला दाखवलं. इंग्रजीत एकच ओळ: आपल्या पाठिंब्याबद्दल आभार.

"हे ती सगळ्यांना पाठवते," काका म्हणाले. चष्मा कपाळावर नेला नाही, कागद उजेडात धरला नाही.

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "काका, पिशवीला काही वाटत नाही. माणसाला वाटतं. तिकडं जा, आणि जे विचारायचंय ते तोंडावर विचारा."

"आणि तिनं दार उघडलं नाही तर?"

"तर बाहेर उभे राहा."

त्यांनी राजीनामा दिला. मी विमानतळावर सोडायला गेले. काकांनी तिकिटावरचं नाव तीनदा तपासलं, बॅग वजनकाट्यावर दोनदा ठेवायला लावली. मला म्हणाले, "काटा कधी तपासलाय, विचार जरा." मी विचारलं नाही.

ते परत आले नाहीत. प्रयोगशाळेचे रिपोर्ट आता माझ्याकडे येतात.

गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. इथं सकाळ होती, तिथं आदल्या दिवशीची संध्याकाळ.

"तिच्या प्रचारसभेला आलोय. ग्रंथालयात. शेवटच्या रांगेत बसलोय."

"तिनं पाहिलं?"

"पाहिलं असावं. खात्रीनं सांगता येत नाही."

"घरी गेला होतात?"

"नाही. मोटेलवर राहतोय. आधी इथं उभा राहतो."

"काय विचारणार?"

"ते अजून ठरलेलं नाही. थांब, माझी पाळी आली."

फोन बंद करायचा राहिला. खिशात टाकला असावा, कारण कापडाची खसखस ऐकू आली. खुर्ची सरकली. काका खाकरले. मग माइकवरून त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सावकाश.

"येस सर, गो अहेड," एक बाई म्हणाली. कोरडा, सभेतला आवाज.

काका काही बोलेनात. कुणीतरी मागून खोकलं. मी फोन कानाला घट्ट धरून उभी.

मग तोच आवाज पुन्हा आला, भर सभेत, मराठीत.

"बाबा, विचारा ना."