लिमये सरांचा गोठलेला बुडबुडा

आमच्या शनिवार पेठेतल्या विज्ञानवर्गात बुडबुडे टिकत नाहीत, किस्से मात्र टिकतात! वर्ग लिमये सरांचा. सर निवृत्त शिक्षक, मी त्यांची मदतनीस. या मे महिन्यात मुलांनी आपापली जादूची कांडी बनवायची, टोकाला तारेचं कडं लावायचं आणि त्यातून फुंकलेला साबणाचा बुडबुडा कोरड्या बर्फावर, म्हणजे ड्राय आइसवर, ठेवलेल्या ताटलीत गोठवायचा, असा बेत होता. अख्खा बुडबुडा गोठलेला एकदा तरी बघायचा, ही सरांची फार जुनी इच्छा.

*

कोरडा बर्फ आणायला मी हडपसरला गेले. परतताना रिक्षात खोक्यातून पांढरा धूर निघायला लागला. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, आत देव बसलेत का?"

*

कांडी मुलांनीच करायची, असं सरांनी बजावलं होतं. चॉपस्टिक, त्यावर ग्लू गनने वेलबुट्टी, वर तपकिरी रंग. पण एका इंजिनिअर बाबांना राहवलं नाही. त्यांनी कंपनीतल्या लेथवर स्टीलची कांडी करून आणली. मुलाला ती दोन्ही हातांनी उचलावी लागत होती!

सरांनी चष्मा वर करून ती पाहिली. "छान आहे. हातपंपाला दांडा म्हणून बसवा."

*

तीन रविवार सगळे बुडबुडे फुटले. सरांनी साबणाच्या पाण्यात साखर वाढवली. मग हवा हलू नये म्हणून पंखे बंद केले. नातवाला घेऊन आलेले एक आजोबा घाम पुसत म्हणाले, "अहो सर, बुडबुडा गोठेल तेव्हा गोठेल, आम्ही वितळलो!"

*

शेवटचा रविवार. सहा वर्षांच्या इराने कांडी उचलली आणि विचारलं, "सर, मंत्र म्हणू?"

सरांच्या वर्गात मंत्राला सक्त मनाई. "मंत्राने काही होत नसतं," सर म्हणाले. "म्हणायचाच तर मनात म्हण. हवा हलता कामा नये."

इराने डोळे मिटले, मग हळूच फुंकलं. बुडबुडा ताटलीत बसला. तळापासून बर्फाची नक्षी चढत चढत थेट माथ्यापर्यंत गेली. फुटला नाही! सरांचे डोळे भरून आले, माझेही. मग सरांनी साखर आणि तापमान यांवर वीस मिनिटं भाषण दिलं. इरा मान डोलवत होती, पण तिला काहीच पटलेलं नव्हतं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. उरलेला बर्फ घरी नेऊन ते एकटेच प्रयोग करत बसले होते.

"बारा फुटले," सर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "अहो, त्या इराने मनात नेमकं काय म्हटलं होतं, तेवढं तिच्या आईला विचारता का?"