कोणी न वाजवलेला ढोल
बाळांनो, ढोलाला वायरी जोडून तुम्ही काढलेला तो लांबलचक घुमारा ऐकला आणि मला झरी गावातलं बिरोबाचं देऊळ आठवलं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माझ्या मामाने धनगरांच्या ढोलात माईक बसवला होता आणि कर्णा समोरच्या लिंबाला बांधला होता. म्हाताऱ्या ढोलकऱ्याने हौसेने होकार दिला होता, पण देवाला कौल मात्र कोणी लावला नव्हता. भंडारा उधळून झाला आणि कोणाचा हात लागायच्या आधीच ढोल घुमू लागला. आवाज चढतच गेला, मेंढरं बिथरली. "देवाला इचारल्याबिगर ढोलात हात घातलास, आता भोग," म्हणत माणसं काठ्या घेऊन मामाकडे निघाली. मामाला कर्णा बंद करायचं बटण सापडेना. ढोल गप्प झाला तर मामा वाचेल, एवढंच मला सुचलं आणि मी ढोलाच्या कातड्याला घट्ट मिठी मारली. छातीत थरथर शिरली आणि आवाज थांबला. "सोडा त्याला, देव लेकराच्या अंगात गेला हाय," असं म्हणून तो म्हातारा माझ्या पाया पडला. कर्ण्याचा आवाज ढोलाचं कातडं हलवतो आणि माईक तोच आवाज पुन्हा कर्ण्यात पाठवतो, हे शास्त्र मी पुढे कॉलेजात शिकले. पण तेव्हा कित्येक रात्री मी पालथी झोपले नाही, आतला देव चेंगरेल म्हणून.