बोटीनं लवकर आलेली पाहुणी

स्पिरिटचा वास आला की परळच्या आमच्या चाळीतली ती दुपार आठवते. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. आमच्या हॉस्पिटलात रुजू होणारी एक डॅनिश नर्स बोटीनं लवकर पोचली होती आणि कामाचा परवाना सुरू होईपर्यंत आमच्याकडेच राहत होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी आंदोलन पेटलेलं. नाक्यावर गोळीबार झाला आणि शेजारच्या गिरणीकामगार काकांना लोकांनी रक्तबंबाळ अवस्थेत वर उचलून आणलं. रस्ते बंद होते, हॉस्पिटल गाठणं शक्य नव्हतं. ती बाह्या सरसावून पुढे झाली. मी घाबरून म्हटलं, "हात लावू नका. परवाना सुरू झालेला नाही, कळलं तर परत पाठवतील." "पाठवू देत. तू स्पिरिट आण," ती इंग्रजीत म्हणाली आणि रस्ता मोकळा होईपर्यंत काकांच्या मांडीवरची जखम दोन्ही तळव्यांनी दाबून बसून राहिली. काका वाचले. पुढे परवाना खात्यातला एक साहेब चौकशीला आला. "परवान्याआधी हिनं इथं काम केलं?" आई पदर खोचत म्हणाली, "काम कसलं हो? घरचं माणूस आहे ते, घरच्यासारखं वागलं." साहेब चहा पिऊन गेला, तो पुन्हा फिरकला नाही. नंतर मी आयुष्यभर नर्स होते, पण इतकं शांत धाडस पुन्हा कुणात पाहिलं नाही.